थाप मारली होती का?

(दवाखान्यातली तपासणीची खोली. पलंगावर ज्युदो शिकवणारे वडील, शेजारी त्यांची मुलगी, समोर डॉक्टर.)

डॉक्टर: बेशुद्ध नेमके कधी पडलात?

वडील: बेशुद्ध कसला पडतोय! जरा अंधारी आली. काल.

मुलगी: परवा, बाबा.

वडील: परवा का? बरं, परवा.

मुलगी: वर्गात मुलांना डाव दाखवत होतो. मी मागून यांच्या गळ्याभोवती हात आवळला आणि हे एकदम ढिले पडले. सोडलं तसे उठले, पण मला विचारतात, आपण कुठं आलोय?

वडील: आमच्याकडे हे नेहमीचंच, डॉक्टर. माणूस उठतो, पाणी पितो, परत उभा राहतो.

डॉक्टर: मग आज का आलात?

वडील: हिनं ओढून आणलं. मान जरा धरलीय.

मुलगी: डोकं डावीकडे ठणकतंय, आणि सकाळपासून ही पापणी उतरलीय. तर म्हणे झोप झाली नाही.

डॉक्टर: इकडे बघा. डावी बाहुलीही लहान दिसतेय. गळा आवळल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला कधी कधी आतून चीर जाते. तिथं गुठळी झाली तर दोन-चार दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. मानेचा स्कॅन आत्ताच करायचा.

वडील: पाचला माझा वर्ग आहे.

डॉक्टर: आज नाही. पण वेळेवर सोड म्हणून सांगायची काही सोय नसते का?

वडील: असते ना. थाप मारायची. खोटी नव्हे हो, समोरच्याच्या अंगावर हातानं थोपटायचं. मी मारली होती.

मुलगी: नाही मारलीत.

वडील: नाही? मारली असणार गं. का नाही मारली मी? काही आठवत नाही बघ.

डॉक्टर: राहू दे ते. चाकाची खुर्ची मागवते, तोवर उठायचं नाही. आलेच मी.

मुलगी: बाबा, खरं सांगू? मलाही नक्की माहीत नाही. तुमचा हात माझ्या दंडाला लागला होता. एकदाच, हळूच. वाटलं, घसरला असेल.

वडील: आणि तू धरून ठेवलंस.

मुलगी: पोरं बघत होती. एकदा तरी तुम्हाला हरवायचं होतं मला.

वडील: पोरं बघत होती म्हणूनच मी हळू मारली असेन.

मुलगी: आठवलं तुम्हाला?

वडील: नाही गं. पण मी मला ओळखतो ना.