बावटे काखेत

लढाईचे दिवस होते. धुळ्यात साक्रीच्या मोटारीसाठी थांबलेल्या कांतीलालशेठचे कान पुढच्या दोघांकडे लागले होते.

“हिलालभाऊ, विमानतळावरची तुझी नोकरी गेली म्हणे?”

“अजून शे, गेली नाही. मी बावटे वर धरले की विमान जागेवर थांबतं, एवढंच काम.”

“मग विमानानं तंबू कसा पाडला?”

“साहेबानं विमानातून हात केला. रामराम घ्यायला नको? बावटे काखेत मारले नि हात जोडले. विमान थांबेचना.”

“साहेब काय बोलला?”

“‘परत हात जोडलेस तर घरी बसवीन.’”

“मग?”

“मोडली ना सवय. बठ्ठी, सगळी मोडली.”

तेवढ्यात मोटार वळली. ओळखीच्या ड्रायव्हरनं आतून हात केला. हिलालनं पिशवी काखेत मारली.

कांतीलालशेठ चार पावलं मागं सरकले.