अर्धं पाप

पवित्र पोथीच्या चांदीने मढवलेल्या पेटीवर शपथ घ्यायला मठाच्या अंगणात रांग लागली होती. फॉलवेच्या शपथेला साक्षीदार म्हणून आलेला शेजारी डोनगल उशिरा पोचला आणि गुपचूप मागे उभा राहिला. पुढे फॉलवे आणि त्याच्या बायकोची कुजबुज चालली होती.

“हात टेकवल्यासारखा कर नुसता.”

“अगं, पेटीचा राखणदार मनगट धरून टेकवतो!”

“मग पेटीवरच्या मधल्या स्फटिकावर नको, कडेच्या पत्र्यावर ठेव.”

“आत पोथी आहे ती आहेच ना!”

“खिळे ठोकून बंद केलीय. तिला काय ऐकू जातंय?”

“कोनलाने खोटी शपथ घेतली, तोंड वाकडं झालं त्याचं.”

“ते जन्मापासूनच वाकडं होतं.”

“बांधाचा दगड हलवायला तूच सांगितलंस, बेवीन!”

“हळू! अर्धं पाप साक्षीदाराच्या माथी जातं. म्हणून तर त्या भोळ्या डोनगलला बोलावलंय.”

“चला पुढे!” राखणदार ओरडला.

फॉलवेने कडेला हात ठेवला. “दगड मी हलवला नाही.”

“शपथ खरी म्हणणारा कोण?”

डोनगल पुढे झाला आणि त्याने मधल्या स्फटिकावर पंजा ठेवला.

“बोल.”

“बोलतो. आधी बेवीनवहिनींना विचारू द्या, माझ्या वाट्याला अर्धंच ना?”