येसाईचा उंबरा

मंडळी, पूर्वरंग झाला, आता कथेकडे वळू. पण त्याआधी एक प्रश्न — आणि उत्तर मनात नको, मोठ्यानं द्या! ज्याच्या घरात चोरण्यासारखं काहीच नाही, त्यानं पहारेकऱ्यांसाठी पैसे का भरावेत?

बघा, मागून आवाज आला — 'भरूच नयेत!' शाब्बास! अगदी हेच मल्लाप्पाशेटला वाटलं होतं. ऐका तर मग.

कमळवेस नावाचं शहर. गुळाची मोठी पेठ! बाजाराच्या दिवशी दहा गावांची माणसं लोटायची. आणि एवढ्या शहराला पहारेकरी किती? — सहा! भर दुपारी, भर बाजारात लुटालूट व्हायला लागली. कोतवाल सुभानजी या वेशीला धावला, की त्या वेशीला बोंब! बिचाऱ्याची वहाण महिनाभर टिकायची नाही.

शेवटी त्यानं देवळात सभा बोलावली. म्हणाला, "बारा माणसं आणखी हवीत. माणसं तयार आहेत, त्यांच्या पगारासाठी उंबरापट्टी वाढवा."

आता ही उंबरापट्टी म्हणजे काय? तर त्या शहरात घरं मोजायची नाहीत, दारांचे उंबरे मोजायचे! जितके उंबरे, तितकी पट्टी. झोपडीला उंबरा नसतो, म्हणून तिला माफी. असं ठरलं, की तीनशे उंबरे भरले तर बारा जण ठेवायचे, नाहीतर परत पाठवायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. देवळात मान डोलवायला काय लागतं हो? — हसू नका, इथंही तेच चाललंय!

गुळाचा मोठा व्यापारी मल्लाप्पाशेट सभेतून घरी आला, तो हिशेब करतच. घराला एक दार, दुकानाला एक, वखारीला दोन. म्हणजे चार उंबरे! 'माझ्या दारात माझा राखणदार उभा आहे, मग गावासाठी चौपट मी का भरू?' दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी हजर. शेट म्हणाला, "दुकानाचा तेवढा ठेव, तिथून गिऱ्हाईक येतं. बाकीचे तीन काढ."

बायको पार्वतव्वा धावत आली. "अहो, घराचा उंबरा काढता? रोज हळदकुंकू वाहते मी त्याला. याच्यावरचं माप ओलांडून आले मी या घरात."

शेट काय म्हणाला असेल? "आलीस ना एकदा आत? मग आता उंबऱ्याचं काम काय?"

झालं! शेटनं केलं, ते शेजाऱ्यानं बघितलं. दुपारपर्यंत साऱ्या पेठेत पहारींचा ठणठणाट!

तेवढ्यात येसाई आली. वेशीपाशी झोपडीत राहून टोपल्या विणणारी, एकटी बाई. म्हणाली, "शेट, ह्यातला एक धोंडा मला द्या की."

शेटला वाटलं, हिला धुणं आपटायला हवा असेल. "एक कशाला, तिन्ही ने."

"एकच पुरं. मला दार एकच हाय."

तिनं घराचा धोंडा निवडला. खाली बांबूचे तुकडे टाकले आणि ढकलत, ढकलत नेला.

चार दिवसांनी मोजणी. सुभानजी पुढं, पंच म्हणून मल्लाप्पाशेट मागं. गल्ली संपली, आळी संपली, आकडा दोनशेच्या आतच. सुभानजीचं तोंड उतरलं. वेशीबाहेर ती बारा माणसं गाठोडी घेऊन बसलेली. तो म्हणाला, "चला, त्यांना जा म्हणून सांगतो."

"माझा मोजायचा ऱ्हायला," येसाई झोपडीच्या दारात उभी.

"तुला माफी आहे, बाई. तुझ्या झोपडीला उंबरा कुठला?"

ती बाजूला सरली. गोणपाटाच्या पडद्याखाली, शेणानं सारवलेल्या जमिनीत, उंबरा! मल्लाप्पाशेट खाली वाकला. पार्वतव्वाचं कुंकू अजून त्या दगडावर होतं.

"येसाई," शेटनं वाकूनच विचारलं, "तुझ्या घरात चोरायला आहे काय गं?"

"काय बी न्हाई, शेट. पर गेल्या साली भर बाजारात माझ्या धन्याला लुटारूंनी मारलं. म्या वरडत व्हते. ह्ये सहा जण पार तिकडच्या वेशीला. धावत आले, न्हाई असं न्हाई. पर त्यो गेल्यावर आले. त्यांचा काय दोष? उद्या आणखी कुणी वरडंल, तवा जवळ एकजण असावा. त्येच्यात माझी पट्टी असावी."

मंडळी… हे सांगताना दरवेळी माझ्या हातातल्या चिपळ्या थांबतात. पखवाजही जरा थांबू द्या, बुवा.

तिचा धनी परत येणार होता का? नाही! मग ती कुणासाठी भरत होती? जिचं नाव माहीत नाही, जी अजून ओरडलेलीसुद्धा नाही — त्या बाईसाठी! सूट मिळत होती, ती नाकारून! आपण देवाला पाहायला डोळे मिटतो. त्या दिवशी मल्लाप्पाशेटनं उघड्या डोळ्यांनी पाहिला.

शेटनं पागोटं काढलं आणि त्या दगडावर डोकं टेकलं. मग म्हणाला, "कोतवाल, माझे चार लिहा."

"पण घराला उंबरा नाही, शेट."

"हा काय! हा तिचा लिहा, आणि माझाही लिहा."

ही गोष्ट पेठेत पोचली. आठ दिवसांत सगळे उंबरे जागेवर बसले, तीनशे भरले आणि ते बारा जण राहिले! एकच दगड परत आला नाही. शेटनं तो मागितलाच नाही. पार्वतव्वा रोज सकाळी वेशीपर्यंत चालत जायची, येसाईच्या दारात हळदकुंकू वाहायची. पुढं शेटच्या मुलाचं लग्न झालं. नव्या सुनेनं माप कुठं ओलांडलं असेल? येसाईच्या झोपडीत! तिच्या पाया पडून मग ती आपल्या घरी गेली.

मंडळी, आपल्या गावातही चौकातले शिपाई वाढवायचे आणि पट्टी वाढवायची, अशी बोलणी चालली आहेत. भरा की भरू नका, हे सांगायला मी कोतवाल नाही. पण घरी गेलात की उंबऱ्याशी क्षणभर थांबा. मी ओरडलो तर कोण धावेल, हे आपण रोज विचारतो. दुसरं कुणी ओरडलं, तर धावणाऱ्याच्या पावलांत माझं काही असेल का — हे आज विचारा.

आता नाम घेऊ या. पण हळू घ्या, मंडळी. बाहेर कुणी हाक मारली, तर आपल्याला ऐकू यायला हवी.