आता कुणी ओरडत नाही

डावरी – हळू बोला ना, ताई. पडद्यापलीकडे सगळ्या जेवायला बसल्यात.

ताई – बसू देत. काम सोडतेय म्हणालीस फोनवर, जीव खालीवर झाला माझा. दीड वर्ष टिकलीस इथे! संस्थेतून बाहेर पडलेली दुसरी कुणी एवढी टिकली नाही. कुणी अंगचटीला आलं का?

डावरी – छे. सगळ्या फार चांगल्या वागतात.

ताई – मग बिनसलं कुठे?

डावरी – काल मी चाळीस बाह्या चुकीच्या कापल्या. चाळीसच्या चाळीस डाव्या हाताच्या! मालकीणबाई म्हणाल्या, असू दे गं बाळा.

ताई – नशीबवान आहेस. आमच्या साहेबांनी मला फाडून खाल्लं असतं.

डावरी – यांनीही खाल्लं असतं, महिन्याभरापूर्वी. कॉलर जरा वाकडी गेली की ओरडायच्या, डावरे, डोळे घरी ठेवून आलीस का? सगळ्या फिदीफिदी हसायच्या. मीसुद्धा. आता मला कुणी डावरी म्हणत नाही. मी आले की बोलणंच थांबतं.

ताई – महिन्याभरापूर्वी काय झालं?

डावरी – तुमच्या संस्थेचा कार्यक्रम झाला. तुमचं भाषण होतं.

ताई – अगं, मी तुझं नाव नाही घेतलं. शपथ!

डावरी – नाव नाही घेतलंत. डावखुरी म्हणालात. आली तेव्हा कात्री कशी धरायची तेही येत नव्हतं म्हणालात, आता कापडाचे तीस थर एका दमात कापते म्हणालात. मालकीणबाई तिसऱ्या रांगेत होत्या. डावखुऱ्या कटिंगवाल्या अशा किती असणार?

(मालकीण चहाचे कप घेऊन येते.)

मालकीण – उठू नकोस गं, बस, बस. ताई, किती सोसलंय हो पोरीनं! एकोणीस वर्षांची पोर, नोकरी लावतो म्हणून नेली काय, धंद्याला विकली काय! तुमचं ऐकताना ढसाढसा रडले मी. आता हिला जड गठ्ठे उचलू देत नाही.

डावरी – दोन-दोन उचलायचे मी, बाई.

मालकीण – माहीत आहे गं. पण आता नको. चला, बोला तुम्ही. रडू नकोस हं.

डावरी – रडत नाहीये मी.

ताई – गेली. मनानं चांगली आहे गं.

डावरी – म्हणून तर भांडता येत नाही. वाईट माणसांशी कसं वागायचं ते येतं मला.

ताई – मी तुला आधी विचारलं होतं. तू हो म्हणालीस.

डावरी – त्या घरातून हाताला धरून तुम्ही काढलंत मला. तुम्हाला नाही कशी म्हणणार?

ताई – चुकलंच माझं. टाळ्या पडायला लागल्या आणि मला चढलं. आमची पोर बघा कुठे पोचली, म्हणून एकेक सांगत गेले. तुमची गोष्ट तुमची, कुणाला सांगायची ते तुम्हीच ठरवा, असं मीच शिकवते तुम्हाला. आणि मीच ती भर सभेत वाटून आले. वर घरी जाऊन शांत झोपले. लाज वाटते गं.

डावरी – मला राग नाही आला, ताई. वाईट वाटलं.

ताई – मी बोलू का तिच्याशी?

डावरी – काय बोलणार? ऐकलेलं विसरा म्हणून?

ताई – निदान दुसरीकडे चिठ्ठी तरी देते.

डावरी – संस्थेची चिठ्ठी दाखवली की पुन्हा तेच. मीच शोधलंय काम, पडद्यांच्या कारखान्यात. परवापासून जायचंय. काल फॉर्म भरताना खाडाखोड झाली, तर तिथला मुकादम केवढा खेकसला माझ्यावर! इतकं बरं वाटलं.

ताई – कुठे आहे गं हा कारखाना? येईन कधीतरी दुपारी.

डावरी – मी फोन करत जाईन.

ताई – करच. पण पत्ता माझ्याजवळ असू दे. कुणाला नाही सांगणार मी.

डावरी – नाही, ताई. तुम्हालासुद्धा नाही.