चौथा कोपरा

बेळगावच्या बसस्थानकावर माझ्या शेजारी दोन बहिणी निपाणीच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची, तान्ह्या बाळाची वाकळ होती.

"आक्का, सुवर्णाचं बाळ मेलेलंच जन्मलं. त्यात तुझा काय दोष?"

"बाळ जन्मायच्या आदी वाकळंचा चौथा कोपरा शिवायचा नसतोय, मंगल. म्या शिवला."

"कशापायी?"

"पुरी करूनच दवाखान्यात आण, म्हणाली पोरगी."

"वाकळंनं कुठं पोर मरतंय व्हय? गळ्याला नाळ आवळली, डॉक्टरनी सांगितलं की."

"खरं म्हणतीस?"

"तुझी शपथ."

"मग ही तू ने. तुझ्या रक्षाला सहावा लागलाय."

"आता कशाला?"

"ने की गं."

"आमच्यात लई वाकळा हाईत, आक्का. ऊठ, गाडी लागली."