खजुराचा पोंगा

मी आईला एवढी का घाबरते, असं तुम्ही विचारता ना, काकू? मग खजुराचं ऐका. आईनं ते रोप बदनापूरहून बसमध्ये मांडीवर धरून आणलं. अंगणात लावताना तिनं बजावलं, "पाणी बुडाला घालायचं. वरून पोंग्यात थेंब बी न्हाई, सडंल."

मला मात्र उन्हात त्याची दया यायची. तुळशीला घालते तसं मी रोज तांब्याभर पाणी वरूनच घातलं.

महिन्यापूर्वी एका संध्याकाळी पोंगा, म्हणजे मधला न उघडलेला कोंब, मी हळूच ओढून पाहिला. तो अख्खा हातात आला. बुडाला कुजका वास होता. मी तो परत सरळ खोचून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पोंगा भिंतीकडं झुकलेला. म्हणजे कुणाला तरी कळलं होतं! ओसरीवर जेवताना मी मान वर केली नाही. बाबाही मान खाली घालून जेवत होते.

तेवढ्यात आई अंगणात उतरली. "पोंगा वाकडा कामून दिसून राह्यला?" म्हणत तिनं हात पुढं केला.

"हात नको लावू!" मी ओरडले. बाबाही तेच ओरडले.

आई वळली. बाबा पुटपुटले, "सकाळी माझ्या हातात आल्ता. मंग परत खोचला."

"माझ्या हातात त्याच्या आधी आल्ता," मी रडतच म्हणाले.

आई म्हणाली, "नवा पोंगा फुटंपर्यंत दोघांना बी चहा न्हाई."

अजून फुटलेला नाही. काकू, तुमच्या चहाचा आणखी अर्धा कप मिळेल का?