नाव घेतल्याशिवाय फोन लागत नाय

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ह्यांचा फोन वाजला, हे अंघोळीला गेलेले म्हणून मी उचलला, आणि तिथून जे सुरू झालं ना… म्हणजे सुरू आधीच झालेलं, मला कळलं तेव्हा नऊ दहा झाले होते, कुकर दुसऱ्या शिट्टीवर, पोरगं कडेवर, आणि चूक माझीच, ते आधीच सांगून टाकते, नायतर मागून कोणी बोलायला नको की योगिनी स्वतःचं झाकते आणि सासूचं सांगत फिरते. चूक माझीच. पण ऐका तर.

आमी राहतो वाशिंदला, एक खोली, त्यातच मोरी, त्यातच गॅस, त्यातच पलंग, आणि पलंगाखाली पोराची सायकल. हे आसनगावच्या गोडाऊनला, मी बाटल्यांची झाकणं पॅक करायच्या कंपनीत, पोराला शेजारची सांभाळते. आणि सासूबाई, गुणाबाई त्यांचं नाव, त्या एकट्या तिकडं डोळखांबच्या वर पाड्यात. वय झालं, गुडघे बोलतात, डोळ्याला कमी दिसतं, तरी घर सोडायला तयार नाय. ह्यांचं आपलं रोज चालू, आईला इकडं आणू, आईला इकडं आणू. आणा ना, कोण नको बोलतंय? मीच बोलत होते. उघड नाय हो, असं जेवता जेवता, भाकरी वाढता वाढता, की एका खोलीत चौघांनी कसं वळायचं, की आईंचा जीव तिकडंच रमतो, की त्यांनाच यायचं नाय… ते खोटं नव्हतं, त्यांना नव्हतंच यायचं. पण त्यांचं नको वेगळं आणि माझं नको वेगळं, आणि मी आपलं माझं नको त्यांच्या नकोच्या पदराखाली घालून वाढत होते. चूक माझीच. पण ऐका तर.

तेवढ्यात पाड्यात एक संस्था आली. एकट्या म्हाताऱ्या माणसांना घरात धोका नको म्हणून दोन वस्तू फुकट बसवून देणार होती. एक दिवा, पाय जमिनीला लागला की आपोआप लागणारा, आणि एक बोलणारी डबी. डबीत सिमकार्ड. काय झालं, पडलं, दुखलं, तर नुसतं ‘मदत’ बोलायचं, डबी विचारते कोणाला फोन लावू, आपण नाव सांगायचं, फोन लागतो. हात लावायला नको, उठायला नको. मला तर देवच पावला. मी ह्यांना बोलले, बघा, आता आई तिकडं सुखानं राहतील आणि आपण इकडं. हे बोलले, ठीक आहे, पण ती डबी चालली नाय ना, एकदा जरी काय झालं ना, तर मी आईला उचलून आणीन, मग तू वळ नायतर वळू नको. आणि तिकडं आई बोलल्या, मना या घरातनं बाहेर काढाल ती आडवीच काढाल. म्हणजे सगळं येऊन टेकलं कशावर, तर त्या साबणाच्या वडीएवढ्या डबीवर.

दिव्याचं आधी सांगते. दिवा पायाला लागतो. पण आईंच्या घरात पाय काय एकट्या आईंचे आहेत? कोंबड्यांचे आहेत, मांजरीचे आहेत. मांजर पडवीतून गेली की दिवा लागला, दिवा लागला की कोंबडा आरवला, त्या बिचाऱ्याला काय, उजेड दिसला की आरवायचं एवढंच माहीत. सगळा पाडा उठून बसायचा. शेजारची भिमी बोलली, गुणाबाय, तुझ्या दिव्यापायी माझ्या नवऱ्यानं दोनदा दात घासले आणि परत झोपला. शेवटी आईंनी कोंबड्यांवरचं डालगं काढलं आणि दिव्यावर घातलं.

पण डबी त्यांना आवडली. का, तर ती बोलते. एकदम गोड, शहरातल्या शिकलेल्या बाईसारखी. आई तिला बाय बोलायच्या. सकाळी चूल पेटवली की तिला विचारायच्या, मदत नको गो, चहा पितेस का? आता ‘मदत’ ऐकलं की ती जागी होणारच. "कृपया नाव सांगा." आई बोलायच्या, गुणा. "या नावाची नोंद सापडली नाही." मग आई भिमीला जाऊन सांगायच्या, घर माझा, भिंत माझी, भिंतीवर ही बसली, आणि माझीच नोंद नाय बोलते.

आता नावाचं. इथंच सगळं आहे. डबी बसवायला आलेला संस्थेचा माणूस, जीवन त्याचं नाव, चांगला शांत माणूस. हे कामावर, आई पाण्याला गेलेल्या, मी सुट्टी काढून एसटीनं पोराला घेऊन गेलेली, आणि ओट्यावर पाड्यातले चार बाप्ये बघायला बसलेले, भिमीचा नवरा लडकू धरून. जीवन बोलला, ताई, फोन कोणाला लागायला पाहिजे? मी बोलले, ह्यांना, माझा कंपनीत बाहेर ठेवतात. नंबर दिला. तो बोलला, नाव काय टाकू? आता… चार बाप्ये, त्यातला एक नात्यानं दीर, आणि माझ्या तोंडातून ह्यांचं नाव निघेना. हसू नका. मी सातवी शिकलेली आहे, मला ते जुनं काय पटत नाय, नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोणाचं आयुष्य कमी होत नाय, मी घेते ना, बँकेत घेते, पोराच्या दाखल्याच्या वेळी घेतलं… लिहून. पण तिथं नाय निघालं. जीवन बटणांवर बोटं धरून थांबला. मी पटकन बोलले, कान्हा टाका. कान्हा म्हणजे माझा पोरगा. नंतर ह्यांना सांगितलं, आईंचा लाडका नातू, त्याचं नाव तोंडात पटकन येईल, म्हणून टाकलं. हे खूश झाले. बोलले, डोकं लावलंस.

डोकं. पोराचं नाव कान्हा का ठेवलं, तर माझ्या सासऱ्यांचं नाव कान्हा. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच ते गेले, मी बघितले पण नाय, माझ्यासाठी कान्हा म्हणजे नाक पुसायचं असतं तो. पण आईंसाठी? जिनं जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाय, ती नातवाचं तरी कसं घेणार? नातवाला बारक्या बोलतात त्या, जन्मल्यापासून बारक्या, आणि माझ्या कधी ध्यानात आलं नाय की का बारक्या. आई पाणी घेऊन आल्या तेव्हा जीवननं दाखवलं, मी दाखवलं, ‘मदत’, ‘कान्हा’, वाजला फोन. आईंना बोललो, आता तुमी बोला. त्यांनी पदर तोंडाला लावला, मान खाली घातली आणि हसल्या. मला वाटलं यंत्राला लाजतात. मी पण हसले. दहा मिनिटांपूर्वी त्याच ओट्यावर माझी तीच गत झालेली, आणि मी सासूला हसले. चूक माझीच. पण ऐका तर.

त्या रविवारी पाड्यात चिटपाखरू नाय. भाताची झोडणी, सगळे खळ्यावर. आईंनी सकाळी घर सारवलं आणि ओल्या सारवणावर स्वतःच घसरल्या, पाय खाली, अंग वर, उठता येईना. भिमीला दोनदा हाका मारल्या, ती खळ्यावर. मग बोलल्या, मदत. डबी लगेच जागी. पुढचं आईंनी सगळ्या पाड्याला करून दाखवलंय, दोन्ही आवाजात, म्हणून मला तोंडपाठ.

"कृपया नाव सांगा."

"बारक्याला लाव."

"या नावाची नोंद सापडली नाही."

"माझा नातू गो. वाशिंदला हाय बघ."

"मला समजलं नाही. कृपया नाव सांगा."

"आता कसा सांगू… देवकीचा पोर नाय का? लोणी चोरतो तो. गोविंदा थर लावतात त्याच्यापायी."

"मला समजलं नाही."

"एवढी शिकलेली बाय तू, तुना देवकीचा पोर ठावूक नाय?"

डबी गप्प. परत मदत, परत नाव सांगा. सारवण अंगाला वाळायला लागलं, घोटा सुजून टोपलीएवढा, आणि हिचं आपलं कृपया. आई बोलतात, मना वाटला हिला माझ्या मालकानंच पाठवली, जन्मभर नाव घेतला नाय म्हणून. मग त्यांना सुचलं. नाव नुसतं घ्यायचं नसतं, उखाण्यात चालतं. पण उखाणा सवाष्णीनं घ्यायचा, आणि सासरे जाऊन किती वर्षं झाली. त्या तशाच पडून राहिल्या, आढ्याकडं बघत. शेवटी बोलल्या, इथं कोण हाय ऐकायला? आणि हात हलत होता तेवढ्यानं पदर डोक्यावर घेतला आणि घेतलं नाव,

"खळ्यावर भाताची रास, राशीवर सूप,
कान्हाचा नाव घेते, सोसला आता खूप."

"कान्हा यांना फोन लावत आहे."

आईंचा त्या डबीवर कुटला भरवसा. थांबली तर? म्हणून त्या आपल्या परत परत तोच उखाणा घेत राहिल्या, आणि इकडं मी नऊ दहाला फोन उचलते, तर पहिलं वाक्य कानात काय, "सोसला आता खूप."

तुमी सांगा, माझं काय झालं असेल? मनात चोर. मला वाटलं कोणी लावलं माझं, आईंना कळलं की एका खोलीत वळायचं कसं असं मी बोलते. मी काय झालं विचारलं पण नाय, सुरूच झाले. आई, मी तसं बोलले नव्हते हो, म्हणजे बोलले होते, पण मनातून नाय, म्हणजे मनातूनच, पण खोली एवढीशी, तुमी नको बोलत होतात त्याचा मी फायदा घेतला, तुमी या, आजच या, पलंगावर झोपा, मी खाली झोपते, सायकल बाहेर काढते… सगळं ओकले. रडत. मागं वळून बघते तर हे मोरीच्या दारात, टॉवेल गुंडाळून, कानाला साबण, सगळं ऐकत उभे. आणि फोनमधून आईंचा आवाज, एकदम शांत,

"अगो योगिनी, आधी मना उचला. मंग रड."

लडकूकडं फोन असतो, ह्यांनी त्याला लावला, खळ्यावरून चौघं धावले, गोधडीत घालून खाली आणलं, शहापूरला प्लास्टर घातलं. घोटा मोडला, बाकी देवानं राखलं. आमी गाडीवरून शहापूरला गेलो. मी तीनदा विचारलं, पोराला वारा लागतोय का. ह्यांनी गाडी अजून जोरात काढली.

दवाखान्याबाहेर हे बोलले. आता आई वाशिंदला येणार, तुझं काय म्हणणं? आता मी काय म्हणू? आणू नका बोलले तर मी तीच, वळायला जागा नाय वाली. आणा बोलले तर हे बोलणार, आता लाज वाटली म्हणून बोलतेस. दोन्हीकडून मीच वाईट, आणि खरी गोष्ट ही की दोन्ही खरं होतं. मी बोलले, आईंना विचारा. हे बोलले, तुला विचारतोय. तेव्हा बोलले, त्यांना त्यांच्या घरात राहू दे. प्लास्टर निघेपर्यंत मी जाते पाड्यात, कंपनीत सांगते. आणि तुमाला खरं सांगते, हे मी त्यांच्यासाठी बोलले की माझ्या खोलीसाठी, ते मला अजून कळलेलं नाय. झोपताना रोज बघते, कळत नाय.

गेले. पोराला घेऊन राहिले. आईंची वेणी घातली, पाणी तापवलं, चुलीनं डोळे फुटले. मला वाटलं एक दिवस बोलतील, फोनवर ऐकलं ते काढतील. नाय काढलं. उलट भिमीला सांगितलं, माझी सून बरी, फोन उचलल्याबरोबर रडते, दुसऱ्यांच्या सुना उचलत पण नाय. हे टोचून बोलल्या की कौतुकानं? ते पण कळलं नाय. विचारायची हिंमत नाय.

प्लास्टर निघालं आणि जीवन परत आला. सगळं कळलेलं त्याला, बिचारा मलाच सॉरी बोलत होता. बोलला, नाव बदलू, ह्या वेळी आजींनाच विचारतो. आजी, कोणाचं नाव घ्यायला बरं पडेल? ओट्यावर सगळे बसलेले, हे पण आलेले. ह्यांना वाटलं आई आपलं नाव सांगणार, एकुलता एक मुलगा. आईंनी माझ्याकडं बघितलं पण नाय, शेंगा सोलता सोलता बोलल्या,

"योगिनीचा टाक. तोंडाला सोपा हाय."

मी बोलले, आई, माझा फोन कंपनीत बाहेर ठेवतात. बोलल्या, मंग आत ठेव.

आत ठेवला. सुपरवायझरच्या हातापाया पडून ठेवला. आणि आता आईंना नाव आलंय. मदत, योगिनी, मीठ कुटं ठेवलास? मदत, योगिनी, बारक्या जेवला का? मदत, योगिनी, काय नाय गो, सहज. झाकणं मोजता मोजता फोन वाजला की माझा घोटा दुखतो. उचलायला उशीर झाला तर वाटतं पडल्या, लवकर उचलला तर वाटतं आता सोसला खूप बोलतील. चूक माझीच होती, आता फोन पण माझाच.

तर एवढं करा, इथून घरी गेलात की सांगा, धसईला सांगा, मुरबाडला सांगा, जिथं म्हातारं माणूस एकटं आहे तिथं सांगा. डबी बसवा, चांगली आहे ती, पण नाव टाकायच्या आधी म्हातारीला विचारा, तिला कोणाचं चालतं. आणि आमच्या सुपरवायझरला कोणी ओळखत असेल तर त्याला पण सांगा, फोन वाजला की ओरडू नको बाबा, सासू आहे, आणि ती ठीक आहे.